प्रयत्नांच्या रकान्यातला दोन

सकाळी साडेनऊच्या सुमारास तिघं आले. आई, मोठा भाऊ आणि ज्यांची चाचणी घ्यायची होती ते दादा. जूनचा शेवटचा आठवडा होता. भोसरीहून निघाल्यावर नाशिक फाट्यावर त्यांना पावसाने गाठलं होतं. आईंचा पदर पिळून काढावा इतका भिजला होता. मी टॉवेल आणायला उठले, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "मॅडम, आधीच सांगून ठेवतो. याच्याकडून फार काही होणार नाही. मन लावतच नाही हा कशात. तुमचा वेळ फुकट जाईल."

दादा शेजारीच उभे होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. भाऊ काय बोलले ते त्यांना ऐकू आलं की नाही, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम करते, आणि सध्या एका संशोधन प्रकल्पात लोकांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोजते. स्किझोफ्रेनिया किंवा त्या जातीचे आजार असलेल्या माणसांना विचारांवर ताबा ठेवताना, एखादी सूचना मनात धरून ठेवताना नेमकं काय जड जातं, ते बाहुलीवरून कळतं का, हा आमचा विषय. दादांचं नाव, वय मी इथे देत नाही. त्यांची ओळख पटेल अशा दोनचार गोष्टी बदलल्याही आहेत. त्या दिवसाबद्दल लिहायला त्यांनी स्वतः होकार दिला आहे.

आधी बाहुलीबद्दल थोडं सांगते, कारण माझ्या नातेवाइकांनाही अजून वाटतं की मी डोळे तपासते. डोळ्याच्या मधोमध दिसणारा काळा ठिपका हा ठिपका नव्हेच, ते एक भोक आहे. त्याच्याभोवतीच्या बुबुळात दोन स्नायू असतात. एक गोल, पायजम्याच्या नाडीसारखा भोक आवळणारा. दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा चहूबाजूंनी बाहेर ओढणारा. लख्ख उजेडात बाहुली दोन मिलिमीटरपर्यंत बारीक होते, अंधारात आठपर्यंत मोठी होते. हे शाळेत शिकवतात. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी की उजेड तसाच ठेवून माणसाला नुसतं सोळा गुणिले तेवीस मनात करायला सांगितलं, तरी बाहुली मोठी होते आणि उत्तर दिलं की पुन्हा उतरते. शिकागोच्या एकहर्ट हेस आणि जेम्स पोल्ट यांनी १९६४ साली हे दाखवलं. दोन वर्षांनी डॅनिएल कानमन (ज्यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच) आणि जॅक्सन बीटी यांनी लोकांना एकामागून एक आकडे ऐकवले. प्रत्येक आकड्यासरशी बाहुली जरा मोठी होत गेली. मग तेच आकडे परत म्हणायला लावले, तेव्हा प्रत्येक आकड्यासरशी ती लहान होत गेली. डोक्यावर एकेक पाटी चढावी आणि एकेक उतरावी तसं.

हा फरक फार बारीक असतो, फार तर अर्धा मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी समोरच्याला तो दिसत नाही आणि ज्याची बाहुली आहे त्याला तो ठरवून करता येत नाही. म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो. आमच्या रुग्णांपैकी कितीतरी जणांचा चेहरा आजाराने थिजल्यासारखा झालेला असतो. आवाज एकसुरी, हालचाल मंद. चेहरा बोलत नाही म्हणून आतही काही चाललेलं नाही असं लोक धरून चालतात. बाहुलीला चेहऱ्याशी देणंघेणं नसतं.

हे सगळं मला त्या दिवशी सकाळीही माहीत होतं. तरी जे व्हायचं ते झालंच.

संमतिपत्रापासून सुरुवात केली. मराठीतलं तीन पानी पत्रक आहे, मी एकेक परिच्छेद वाचते आणि थांबते. दादांना विचारलं, "यातलं काय समजलं ते तुमच्या शब्दांत सांगाल का?" भाऊ लगेच सांगायला लागले. दुसरा प्रश्न विचारला, पुन्हा भाऊच. त्यांचं वाईट हेतूने चाललं नव्हतं. दादांना उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि बारा वर्षं त्या रिकाम्या वेळात भाऊच बोलत आलेत. शेवटी सहीसाठी पेनही त्यांनीच उचललं. मी कागद हळूच दादांपुढे सरकवला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट आहे की संशोधनात घेताना आजारी माणसाची स्वतःची, समजून-उमजून दिलेली संमती हवी. भावांना तसं सांगितलं आणि बाहेर बसायची विनंती केली. ते जरा दुखावले, पण उठले.

दार लागल्यावर दादा म्हणाले, "डोळ्याला हात लावणार नाही. कॅमेरा लांबून बघणार. कधीपण उठून जाता येतं." एवढंच बोलले, पण तीन पानांचा तोच गाभा होता. मग सही केली. जुन्या वळणाची, ठसठशीत सही.

आमची खोली लहान आहे. खिडकीला रविवार पेठेतून आणलेलं काळं जाड कापड लावलंय, कारण बाहेर ढग सरला तरी आतल्या मोजणीत ते दिसतं. टेबलावर पडदा, त्याखाली कॅमेरा आणि समोर चष्म्याच्या डॉक्टरकडे असते तशी हनुवटी टेकवायची पट्टी. कॅमेऱ्याचा प्रकाश अवरक्त असतो, तो डोळ्याला दिसत नाही. पडद्यावर नऊ ठिकाणी क्रमाने ठिपका येतो, त्याकडे बघायचं, म्हणजे यंत्राला त्या डोळ्याची ओळख पटते.

दादांनी हनुवटी टेकवली, नऊ ठिपके पाहिले आणि आपणहून पहिला प्रश्न विचारला. "याचा लीस्ट काउंट किती?"

मी क्षणभर थांबले. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. म्हटलं, "मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचा फरक दाखवतं."

"मायक्रोमीटर स्क्रू गेजएवढा," ते म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले.

मग फाईलमधली ओळ आठवली. आजारापूर्वी ते भोसरीच्या एका कारखान्यात सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कातणाऱ्या यंत्रावर होते. टर्नर. तिथे कातणारी धार म्हणजे टूल आणि कातायचा तुकडा म्हणजे जॉब. चोविसाव्या वर्षी मशीनच्या घरघरीत माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. पुढचं वर्षभर घरच्यांनी बाहेरचं काही झालंय म्हणून देवऋषी केले आणि मग डॉक्टर. औषधांनी आवाज बरेच मागे हटले, पण नोकरी परत जमली नाही. हे मला सतत दिसतं. भास आणि संशय यांच्यावर गोळ्या चालतात, पण लक्ष धरून ठेवणं, क्रम लावणं, वेळेवर हात आवरणं यावर आजच्या गोळ्यांचा फारसा इलाज नाही. नोकरी आणि संसार मोडतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टींपायी.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. औषधांची यादी आम्ही बारकाईने घेतो. दादा मुख्य औषधाबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल घेतात. हातापायांत ताठरपणा किंवा थरथर येऊ नये म्हणून ही लहान गोळी देतात. ती बाहुली मुळातच मोठी करते, शिवाय स्मरणशक्तीवर थोडा भारही टाकते. मुख्य औषधांतली काही उलट बाहुली लहान करतात. तंबाखूचाही परिणाम होतो, म्हणून त्यांना तासभर आधी मळू नका अशी विनंती केली होती, आणि ती त्यांनी पाळली. तेव्हा नुसती बाहुली किती मोठी आहे यावरून काहीही ठरवायचं नाही. प्रत्येक फेरीच्या आधीची बाहुली शून्य धरायची आणि तिथून किती चढली ते बघायचं. ज्याची बाहुली गोळीने आधीच मोठी झालीय त्याला वर चढायला जागाही कमी उरते, हेही ध्यानात ठेवायचं. डोळ्यात बघून आजार ओळखता येतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पहिलं काम आकड्यांचं. पाच आकड्यांपर्यंत दादांनी बरोबर परत म्हटले. सहाला अडखळले, आठला परत म्हणताना तिसऱ्या आकड्यानंतर गप्प बसले आणि नजर पडद्याखाली सोडून दिली. मग ठिपक्यांचं काम.

पडद्यावर ठिपक्यांची एक आकृती येते, ती जाते. काही सेकंद पडदा रिकामा. मग दुसरी आकृती येते. एक ठरलेली पहिली आणि एक ठरलेली दुसरी, अशी जोडी जुळली तरच 'हो'चं बटण, एरवी 'नाही'. दहापैकी सात वेळा जोडी जुळतेच, त्यामुळे बोटाला 'हो'ची सवय लागते. खरी परीक्षा उरलेल्या तीन फेऱ्यांत. पहिली आकृती चुकीची आली की दुसरी कुठलीही येवो, उत्तर 'नाही'च. पण दुसरी नेमकी ओळखीची आली, तर बोट 'हो'कडे धावतं. ते आवरायचं तर पहिली आकृती पाहतानाच 'आता नाही' हे मनात पक्कं करून रिकाम्या पडद्यावरच्या त्या चार क्षणांत धरून ठेवावं लागतं.

मी समजावून सांगितलं. दादा म्हणाले, "गो आणि नो-गो."

कारखान्यात भोक बरोबर आहे का ते तपासायला दोन टोकांचं गेज असतं, एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. आमच्या शास्त्रात गो–नो-गो नावाची एक वेगळी चाचणी आहे, पण त्यांनी कामाचा गाभा अचूक पकडला होता.

आणि तरीही गुण वाईट आले. पाऊण तास काम चाललं. मध्ये ढग फाकून खिडकीच्या फटीतून ऊन आत आलं, एक तुकडा बाद करून पुन्हा घ्यावा लागला. दादा पुतळ्यासारखे बसून होते. चुकले तरी त्यांच्या तोंडून हूं का चूं नाही. बरोबर आलं तरी तेच. दोनदा मला वाटलं, डोळे उघडे ठेवून झोपलेत. मी दोनदा म्हटलं, "दादा, लक्ष द्या हं." दोन्ही वेळा ते म्हणाले, "देतोय."

काम संपलं की एक तक्ता भरायचा असतो. त्यात एक रकाना आहे: परीक्षकाच्या मते सहभागी व्यक्तीने किती प्रयत्न केले, १ ते ५. हे बाहुलीचे आलेख बघण्याआधी भरायचं, अशी सक्त शिस्त आहे. मी दोन लिहिलं. फार विचार न करता लिहिलं. अकरा वर्षं हेच काम करते आहे, चेहऱ्यावर जाऊ नये हे दुसऱ्यांना शिकवते, आणि माझ्याच हाताने तो दोन लिहिला गेला.

दुपारी आईंनी डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मलाही अर्धी भाकरी घ्यायला लावली. दादा बाहेर व्हरांड्यात पाऊस बघत उभे होते. आई हळू आवाजात सांगत होत्या, "ताई, आळशी नाही हो तो. लोक म्हणतात, याचा भाऊपण म्हणतो, मुद्दाम टंगळमंगळ करतो. गॅसवर दूध ठेवलं आणि लक्ष ठेव म्हटलं तर तिथून हलत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पातेल्याकडे बघत उभा. पण दूध वर यायला लागलं तरी हात पुढे होत नाही. उतू गेलं, शेगडीवर चर्रर्र झालं, की मग झडप घालतो. हात भाजून घेतो. मग मी ओरडते. मग तो दिवसभर बोलत नाही."

मी ऐकलं. तेव्हा मला ते आईचं मन एवढंच वाटलं.

दुपारी तीनला आलेख उघडला. उघड-झाप काढून टाकणं, तुटलेल्या रेषा जोडणं ही यंत्राची कामं झाल्यावर पडद्यावर प्रत्येक प्रकारच्या फेऱ्यांची सरासरी रेषा येते. आडवी वेळ, उभा बाहुलीचा फरक.

आकड्यांचा आलेख आधी पाहिला. पहिल्या आकड्यापासून रेषा चढत होती, पायरी पायरीने, अगदी कानमनच्या जुन्या आलेखासारखी. पाच आकड्यांना छान चढलेली. आठ आकड्यांच्या फेऱ्यांत पाचव्यापर्यंत चढून मग ती खाली घसरली होती. सॅन डिएगोचे एरिक ग्रॅनहोम यांनी १९९६ साली निरोगी लोकांत हेच दाखवलं होतं: पेलवेना इतका भार झाला की बाहुली चढायची थांबते, मग उतरायला लागते. ओझं टाकून दिल्यासारखी. त्यांनी पुढे हेही पाहिलं की स्किझोफ्रेनियात ही टाकून देण्याची वेळ लवकर येते. मला दादांची खाली गेलेली नजर दिसली होती, ती त्या घसरणीची होती. तिच्याआधीची चढण मला दिसली नव्हती. पाच पायऱ्या चढून दमलेल्या माणसाला, हा चढलाच नाही, असं मी म्हटलं होतं.

मग ठिपक्यांचा आलेख. पहिली आकृती येते त्या जागी उभी रेघ, दुसरी येते तिथे दुसरी रेघ. चुकीची पहिली आकृती आल्यावर, रिकाम्या पडद्याच्या काळात, रेषा चढायला हवी: 'आता नाही' हे धरून ठेवायचे कष्ट. दादांची रेषा तिथे जवळजवळ आडवी होती. इथपर्यंत सकाळचा दोन खरा वाटावा. पण दुसऱ्या रेघेनंतर, दुसरी आकृती दिसल्यावर, रेषा उसळली होती. साधारण तीन दशांश मिलिमीटर. साध्या जोडीच्या फेऱ्यांत तिथे लहानसा उंचवटा होता, इथे डोंगर. मी चुकलेल्या फेऱ्या बाजूला काढल्या, कारण चूक झाल्याच्या धक्क्यानेही बाहुली मोठी होते. फक्त बरोबर उत्तरांच्या फेऱ्या ठेवल्या. डोंगर तसाच राहिला.

चर्रर्र झाल्यावर घातलेली झडप, आलेखावर.

यामागे जे आहे ते मला पाठ आहे. सेंट लुईसचे टॉड ब्रेव्हर यांनी मनाच्या ताब्याचे दोन प्रकार सांगितले. एक आधीपासून तयारी धरून ठेवण्याचा. दुसरा वेळ अंगावर आल्यावर सावरून घेण्याचा. स्किझोफ्रेनियात पहिला कमकुवत होतो आणि माणूस दुसऱ्यावर दिवस काढतो, हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलंय. दुसरा प्रकार महागडा आहे. प्रत्येक वेळी ऐनवेळी सगळी ताकद ओतावी लागते. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक पुंजका असतो, लोकस सेरुलियस, म्हणजे निळी जागा. जागरूकतेचं रसायन सगळ्या मेंदूला तिथून जातं. तो पुंजका जोरात चालला की बाहुली मोठी होते. दादांचा तो पुंजका पाऊण तास, प्रत्येक कठीण फेरीत, उशिरा आणि जीव तोडून काम करत होता. आणि समोर बसून मी म्हणत होते, लक्ष द्या हं.

आणखी एक गोष्ट होती. पहिली आकृती बरोबर आणि दुसरी चुकीची, अशा फेऱ्यांत आधीपासून तयारी करणारा माणूसच जास्त फसतो, कारण तो 'हो' धरून बसलेला असतो. या फेऱ्यांत दादा चुकलेच नव्हते म्हटलं तरी चालेल. ज्याचं लक्षच नाही तो सगळीकडे चुकतो. हे ठरावीक ठिकाणी चुकत होते.

एका माणसाच्या एका दिवसाच्या रेषेवरून फार काही सांगायचं नसतं. त्या डोंगरात धास्तीही असेल. गोळीने रेषा दबलीही असेल. आमच्या प्रकल्पात दादा म्हणजे पुष्कळांतला एक बिंदू. हे सगळं मला कळत होतं, तरी मी उठून व्हरांड्यात गेले आणि विचारलं, "दादा, तुमचा आलेख बघायचाय?"

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मी काही बोलले नाही, थांबले. सकाळी तेवढं थांबायला हवं होतं. मग त्यांनी पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं टूल लागायला पाहिजे." बोट सरकवून डोंगरावर नेलं. "लागलं इथं. लेट."

"हो."

"जॉब खराब होणारच मग." जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण टूल लागलंय."

"लागलंय दादा. चांगलं जोरात लागलंय."

मग ते म्हणाले की फर्स्ट पीस, म्हणजे पहिला तयार तुकडा, तपासताना ते गेज तोंडाने बोलायचे. गो, नो-गो. आवाज नाही, नुसते ओठ. "तसं करून बघू?"

प्रकल्पाचं काम संपलं होतं. या फेऱ्या कुठे नोंदवल्या जाणार नव्हत्या, आणि मी तसं त्यांना सांगितलं. तरी वीस फेऱ्या केल्या. पहिली आकृती येताच दादांचे ओठ हलायचे. नो-गो. रिकामा पडदा. नो-गो. कठीण फेऱ्यांत एकदाच चुकले. रेषेत पहिल्या रेघेनंतर एक लहानसा उंचवटाही दिसला. पण त्यावर मी काही लिहू शकत नाही. सरावाने सुधारणा होते, आणि नुसते ओठ हलवले तरी बाहुली थोडी मोठी होते. सेंट लुईसमध्येच २०१० साली स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांना अशी आधी तयारी करण्याची पद्धत शिकवून पाहिली होती, आणि त्याचा उपयोग झाला होता. दादांना तो अभ्यास कोणी सांगितला नव्हता. त्यांनी ते भोसरीत शिकलेल्या कामातून काढलं होतं.

पाच वाजता भावांना आत बोलावलं. आलेखाचा कागद दादांच्या हातात होता. त्यांनी विचारलं, "दाखवू का?" मी म्हटलं, "तुमचा आहे, तुम्ही ठरवा." दादांनी कागद भावापुढे धरला आणि डोंगर दाखवला. "इथं मी जोर लावलाय."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. जे आहे ते साध्या शब्दांत सांगितलं: आजारामुळे याची तयारी वेळेवर लागत नाही, मग ऐनवेळी दुप्पट ओढ द्यावी लागते. आळस असता तर हा डोंगर नसता. आणि घरी काही सांगायचं तर ते एकदा सांगून सोडू नका, काम चालू असताना मध्येच पुन्हा आठवण द्या, रागावून नव्हे. दुधासमोर उभा असेल तर दूध वर यायच्या आधीच म्हणा, आता गॅस बारीक कर.

आई म्हणाल्या, "तेवढं तर मी म्हणेन की." आणि डोळे पुसले.

भाऊ बराच वेळ कागद धरून होते. काही बोलले नाहीत. जाताना दारात त्यांनी दादांना विचारलं, "खाली चहा घ्यायचा का रस?" आणि थांबले. मी लिफ्टचं बटण दाबून ठेवलं होतं, दार दोनदा मिटायला आलं. भाऊ थांबूनच होते. "रस," दादा म्हणाले. "आलं घालून."

ते गेल्यावर मी तक्ता पुन्हा काढला. पेन हातात होतं. नियमाप्रमाणे खोडता येत नाही असं नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा, तारीख, सही. पण तो रकाना आलेख बघण्याआधीच्या मतासाठी आहे. आलेख पाहून मत बदललं आणि आकडाही बदलला, तर परीक्षकाला काय दिसतं आणि बाहुली काय सांगते यांची तुलनाच उरत नाही. आमच्यासारख्यांच्या नजरेतून किती निसटतं ते शोधायलाच तर तो रकाना ठेवलाय. माझी चूक हीसुद्धा त्या अभ्यासाची नोंद आहे.

विभागातल्या वरिष्ठ डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही बदलायचा." मलाही ते पटलं, आणि पटूनही त्या रात्री झोप लागली नाही. शेरा लिहायच्या जागेत मी एवढंच लिहिलं की सहभागी व्यक्तीला परीक्षकाने दोनदा 'लक्ष द्या' म्हटलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी 'देतोय' असं उत्तर दिलं.

दोन तिथेच आहे.